दीडशे शब्दांचा अर्ज आणि शनिवारचे वकील

बेळगावच्या जिल्हा न्यायालयापासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी तीन ते सात या वेळेत दोन वकील बसतात आणि विनामूल्य सल्ला देतात. त्यांचे विषय तीनच आहेत: भाषिक व धार्मिक अल्पसंख्याकांचे हक्क, माहितीचा अधिकार, आणि आपल्याच संस्थेतील गैरव्यवहार उघडकीस आणू पाहणाऱ्या नोकरदारांचे संरक्षण. घरजागेची भांडणे, घटस्फोट, धनादेश न वटण्याची प्रकरणे तेथे घेतली जात नाहीत. गेली दोन वर्षे मी या सेवेचा लाभ घेतो आहे आणि सीमाभागातील मराठी वाचकांना तिची नीट माहिती व्हावी म्हणून हे लिहितो आहे. वकिलांची नावे मात्र येथे दिलेली नाहीत. वकिलाने प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये, असे बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ सांगतो, आणि तो पाळण्याचा आग्रह त्यांनी स्वतःच धरला. ज्याला गरज असेल त्याला न्यायालयाच्या आवारातला कोणीही टंकलेखक त्यांच्याकडे जाण्याची वाट सांगेल.

मी खानापूर तालुक्यातला, निवृत्त प्राथमिक शिक्षक. ज्या सरकारी मराठी शाळेत मी अक्षरे गिरवली आणि नोकरीची अखेरची वर्षेही जिथे काढली, त्या शाळेत पाच वर्ग दोन शिक्षकांवर चालताना पाहून मला राहवले नाही. मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि नेमणूक या शाळेत असूनही काम दुसरीकडे करणारे शिक्षक किती, हे तीन प्रश्न मी माहितीच्या अधिकारात विचारले. अर्ज अर्थातच मराठीत लिहिला. पंधरा दिवसांनी तो जसाच्या तसा परत आला; सोबत कन्नडमधील चार ओळींचे पत्र होते, ज्याचा अर्थ मी गावातल्या किराणा दुकानदाराकडून समजून घेतला. अर्ज मान्य भाषेत नाही, एवढेच त्यात होते. चाळीस वर्षे मुलांना लिहायला शिकवलेल्या माणसाचे लिहिलेले कोणी वाचलेच नाही, ही गोष्ट मला फार लागली. धारवाडच्या खंडपीठात रिट याचिका दाखल करायचीच, असे ठरवून मी त्या शनिवारी पहिल्यांदा तो जिना चढलो.

ज्येष्ठ वकिलांनी माझे सगळे बोलणे मध्ये न थांबवता ऐकले. मग माहिती अधिकार अधिनियमाची, पानांचे कोपरे मऊ पडलेली प्रत माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, राग जरा बाजूला ठेवा आणि ही ओळ तुम्हीच वाचा की." कलम ६ चे पहिले पोटकलम होते. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा अर्ज जेथे करायचा त्या क्षेत्राच्या राजभाषेत करता येतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. बेळगावात ती राजभाषा कन्नड. मराठीचा उल्लेख त्या ओळीत नाही आणि म्हणून केवळ भाषेच्या मुद्द्यावर अर्ज परत करणारा अधिकारी या कायद्याच्या अक्षरापुरता चुकलेला नाही, हे त्यांनी मला तोंडावर सांगितले. माझ्याइतकाच मराठीचा अभिमान असलेल्या माणसाने हे सांगावे, याचे मला त्या क्षणी वाईट वाटले. मात्र आज या सेवेबद्दल मला सर्वांत मोठा भरवसा वाटतो तो याच गोष्टीमुळे. आपला हक्क नेमका कोणत्या कागदात आहे आणि कोणत्या कागदात नाही, हे ते प्रकरण हाती घेण्याआधी सांगतात.

कारण त्याच बैठकीत त्यांनी दुसरा कागदही काढला. संविधानाचा अनुच्छेद ३५० प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतो. म्हणजे 'आमच्या शाळेत शिक्षक नाहीत, ते द्या' हे गाऱ्हाणे मी मराठीत देऊ शकतो आणि ते भाषेच्या कारणाने कोणी नाकारू शकत नाही. 'किती शिक्षक आहेत ते सांगा' ही मागणी मात्र माहिती अधिकाराच्या कायद्याखाली करायची, तर त्या कायद्यातल्या तीन भाषांपैकी एक निवडावी लागते. आम्ही सीमाभागातली माणसे कित्येक वर्षे ही दोन कामे एकाच कागदावर करत आलो आहोत. चार पानांचे मराठी निवेदन लिहायचे, त्यात भाषावार प्रांतरचनेपासून सुरुवात करायची, शेवटी माहिती मागायची आणि उत्तर आले नाही की अन्यायाच्या यादीत भर घालायची, हा आमचा शिरस्ता. निवेदन आणि माहिती अर्ज यांना वेगळे काढल्याबरोबर माझे अर्धे काम मार्गी लागले.

अर्ज हिंदीत लिहावा, ही सूचना त्यांचीच. कन्नड लिहिता येत नाही म्हणून पैसे देऊन अर्ज लिहून घेणारे अनेक मराठी भाषक मला माहीत आहेत. हिंदी हा पर्याय कायद्यानेच दिला आहे, लिपी आपलीच आहे, आणि शाळेत हिंदी शिकलेला कोणीही माणूस आपला अर्ज स्वतःच्या हाताने लिहू शकतो, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. मी तेथेच बसून वीस मिनिटांत अर्ज लिहिला. मग त्यांनी पेन्सिल घेतली आणि दर दहाव्या शब्दाखाली एक ठिपका द्यायला सुरुवात केली. पंधराव्या ठिपक्यापाशी थांबून तेथे आडवी रेघ मारली. कर्नाटकाच्या माहिती अधिकार नियमांत २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे दीडशे शब्दांचा असावा लागतो. माझा अर्ज रेघेखाली आणखी दोन परिच्छेद वाहत गेला होता. शाळेचा इतिहास गेला, गावाची तक्रार गेली, माझी नोकरीची वर्षे गेली. कारण सांगण्याची गरजच नाही, कलम ६ च्या दुसऱ्या पोटकलमानुसार अधिकाऱ्याला ते विचारताही येत नाही, असे ते एकेक ओळ खोडताना सांगत होते. उरले ते तीन प्रश्न, मुदत, आणि 'साक्षांकित प्रती द्याव्यात' हे वाक्य. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून तो अर्ज सोमवारी गेला.

तीस दिवसांत उत्तर आले नाही. पूर्वीचा मी असतो तर वर्तमानपत्राला पत्र लिहून स्वस्थ बसलो असतो. येथे एकतिसाव्या दिवसानंतर काय करायचे ते आधीच लिहून दिलेले होते: कलम १९ खाली प्रथम अपील, तेही तीस दिवसांच्या आत, आणि त्यात कलम ७ च्या सहाव्या पोटकलमाचा उल्लेख, म्हणजे मुदत टळल्यावर माहिती विनामूल्य द्यावी लागते. अपिलानंतर त्रेचाळीस पाने घरी आली. ती सगळी कन्नडमध्ये होती, आणि माहिती जशी नोंदलेली आहे तशी मिळते, भाषांतर करून देण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, हेही मला आधीच सांगून ठेवलेले असल्याने मी खचलो नाही.

येथे कनिष्ठ वकीलबाईंबद्दल लिहिले पाहिजे. त्या बैलहोंगल भागातल्या, घरची भाषा कन्नड. मराठी त्यांनी बेळगावात महाविद्यालयात असताना मैत्रिणींकडून उचलली आहे. माझी त्रेचाळीस पाने त्यांनी टेबलावर मांडली आणि प्रत्येक पानावर बोट ठेवत, वाचत वाचतच मराठीत सांगत गेल्या: हा मंजुरी आदेश, हे हजेरीपत्रकाचे गोषवारे, हा शेरा. एका पानावर शाईने लिहिलेल्या बारीक टिपणीवर थांबून त्यांनी ती दोनदा वाचली. आमच्या शाळेवर नेमलेले एक शिक्षक तोंडी आदेशाने दुसऱ्या गावी काम करत असल्याची ती नोंद होती. मी ते पान पाहिले असते तर मला त्यात फक्त निळ्या शाईच्या वेलांट्या दिसल्या असत्या. मराठी मुलांच्या शाळेसाठी एक कन्नड घरातली मुलगी शनिवारची संध्याकाळ देते, हे मी त्या खोलीत समोर बसून पाहिले आहे आणि गावी गेल्यावर लोकांना मुद्दाम सांगितले आहे.

माहिती हाती आल्यावर मगच मराठी निवेदन तयार झाले, आणि ते आजवर मी लिहिलेल्या सगळ्या निवेदनांपेक्षा लहान होते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आलेला अनुच्छेद ३५०अ प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे सांगतो. यातला 'प्रयत्न' हा शब्द वकिलांनी मला पुन्हा पुन्हा दाखवला. या शब्दामुळे अनुच्छेदाच्या जोरावर न्यायालयाकडून थेट शिक्षक मिळवता येत नाही. पण वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस विद्यार्थी त्या भाषेचे असतील तर शिक्षक द्यावा, हे १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेपासून चालत आलेले सूत्र आणि आमच्या पटावरची संख्या शेजारी शेजारी ठेवली, की प्रयत्न झाला की नाही हे कोणालाही दिसते. निवेदनाची एक प्रत अनुच्छेद ३५०ब खाली नेमल्या जाणाऱ्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवली. हे आयुक्त आपला अहवाल राष्ट्रपतींना देतात आणि तो संसदेपुढे ठेवला जातो, म्हणून त्या अहवालात शिरू शकेल अशा आकारात, म्हणजे शाळा, पट, मंजूर पदे आणि रिक्त पदे एवढ्या चार गोष्टींत, आपले गाऱ्हाणे बसवावे, असा वकिलांचा सल्ला होता. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा अधिक आहेत तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, ही तरतूद आपल्याकडे सभांमधून फार ऐकू येते. कर्नाटकाच्या १९८१ च्या स्थानिक प्राधिकरण राजभाषा अधिनियमाचा दाखलाही दिला जातो. त्या तरतुदीचा आधार घ्यायचा तर गावाची जनगणनेतली भाषावार आकडेवारी जोडावी लागते, ती न जोडता केलेले भाषण निवेदन ठरत नाही, हे मी येथे शिकलो.

ज्या गोष्टीला ते नकार देतात तीही सांगितली पाहिजे. सीमाप्रश्नाचा मूळ दावा, म्हणजे महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद १३१ खाली दाखल केलेला मूळ दावा क्रमांक ४, दोन राज्ये आणि केंद्र यांच्यातला आहे आणि त्यात तुमच्या-माझ्या अर्जाने काही हलत नाही, असे ते पहिल्याच भेटीत स्पष्ट करतात. तो दावा ज्या दिवशी निकाली निघायचा त्या दिवशी निघेल. तोवर गावच्या शाळेत शिक्षक असला पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे. माझ्यासमोर एका गावचे चार कार्यकर्ते आले होते. गावातल्या प्रत्येक मराठी घराने मूल मराठी शाळेतच घालावे, अशी सक्ती न्यायालयाकडून आणता येईल का, असे त्यांनी विचारले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारविरुद्धच्याच प्रकरणात, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचे स्वातंत्र्य पालकांचे व मुलांचे आहे आणि राज्य मातृभाषा लादू शकत नाही, असे ठरवले आहे. ज्या निकालाने आपल्यावर दुसरी भाषा लादली जात नाही त्याच निकालाने आपल्यालाही आपल्या शेजाऱ्यावर मराठी लादता येत नाही, असे त्यांनी सांगितले. कार्यकर्ते नाराज होऊन गेले. त्यांतले दोघे पुढच्या महिन्यात शाळेच्या छपराच्या दुरुस्तीचा माहिती अर्ज घेऊन परत आले, हेही मी पाहिले.

बाहेरच्या बाकावर बसणारी माणसे सगळी मराठी नसतात. उर्दू शाळेचे पालक असतात, गावच्या दफनभूमीच्या वाटेसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे असतात, पाण्याच्या प्रश्नावर दलित वस्तीतल्या बाया असतात. अल्पसंख्याक कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने २००२ च्या टी.एम.ए. पै प्रतिष्ठान प्रकरणात सांगितले. तोही खटला कर्नाटकातलाच. त्यामुळे कोल्हापुरात बहुसंख्य असलेला मराठी माणूस निपाणीकडे राज्याची हद्द ओलांडली की अल्पसंख्याक होतो, आणि जत-अक्कलकोटचा कन्नड भाषक महाराष्ट्रात अल्पसंख्याक असतो. जतहून आलेल्या एका कन्नड शिक्षकाला माझ्याच शेजारी बसवून, माझ्याच प्रकरणातला दहा-चाळीसचा मुद्दा आणि तेच अनुच्छेद महाराष्ट्र सरकारकडे कसे मांडायचे, हे वकीलसाहेबांनी एका संध्याकाळी समजावले. आम्ही दोघांनी एकमेकांच्या शाळांचे पट पाहिले.

मात्र ज्या कामासाठी मी या सेवेला सर्वांत वरचे स्थान देईन ते माझे नव्हते. माझ्या नात्यातला एक तरुण एका अनुदानित शिक्षण संस्थेत कारकून आहे. हजर नसलेल्या माणसांच्या नावाने बिले निघताना त्याने पाहिली आणि तांदळाच्या पिशवीत छायाप्रती भरून, रात्री माझ्या घरी आणल्या. शनिवारी मी त्याला घेऊन गेलो. तो काय घडले ते सांगू लागला, तर वकिलांनी हात वर करून थांबवले आणि पहिला प्रश्न विचारला: "हे कागद तुमच्याकडे कसे आले, ते आधी सांगा. घोटाळा नंतर." मूळ कागद एकही उचललेला नाही ना, कार्यालयाच्या संगणकावरून स्वतःच्या ईमेलवर काही पाठवले नाही ना, छायाप्रती कोणत्या दुकानात काढल्या, कोणाला दाखवल्या, भ्रमणध्वनीवरून कोणाशी बोलला. अर्धा तास केवळ हेच. संस्थेचे नाव त्यांनी सर्वांत शेवटी विचारले. ते ऐकण्यापूर्वी, अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ ने गोपनीय राहते, पण खोलीत बसलेल्या मामाला ते संरक्षण नाही, असे सांगून मला बाहेर बाकावर बसायला सांगितले. मी बाहेर आलो. यातच त्या माणसाचा व्यवसाय कळतो.

नंतर त्या तरुणाने मला जे सांगितले ते सीमाभागातल्या प्रत्येक नोकरदाराने लक्षात ठेवावे असे आहे. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ मध्ये कायदा केला, पण तो आजवर अमलात आणलेला नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरप्रकार पत्राने कळवताना आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासह कार्यालयांतून फिरले आणि २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने जो ठराव काढला, त्याखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात, लिफाफ्यावर आपले नाव न घालता तक्रार देता येते. पण तो केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरता व उपक्रमांपुरता आहे, तालुक्याच्या अनुदानित संस्थेतल्या कारकुनाला तो लागू नाही. लोकायुक्तांकडे जायचे तर १९८४ च्या कर्नाटक लोकायुक्त कायद्याखाली तक्रारीसोबत प्रतिज्ञापत्र लागते आणि त्यावर नाव व सही येतेच. आपल्या जवळचे उदाहरण म्हणून वकिलांनी तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचे नाव घेतले. जमिनीचे व्यवहार माहितीच्या अधिकारात बाहेर काढणाऱ्या या कार्यकर्त्याची १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेला असताना हत्या झाली. भीती घालण्यासाठी हे सांगत नाही, कायदा तुमच्या पाठीशी जिथवर उभा आहे तिथवरच पाऊल टाका म्हणून सांगतो, असे ते म्हणाले.

त्यांनी काढलेली वाट अशी. त्या छायाप्रती कोठेही सादर करायच्या नाहीत. त्यांत कोणती कागदपत्रे अस्तित्वात आहेत एवढे पाहायचे आणि तीच कागदपत्रे त्या संस्थेशी काहीही संबंध नसलेल्या नागरिकाने माहितीच्या अधिकारात मागायची. सरकारच्या पैशावर लक्षणीय प्रमाणात चालणाऱ्या खासगी शिक्षण संस्थाही माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात सांगितलेच आहे. संस्थेने टाळाटाळ केलीच तर अनुदान देणाऱ्या खात्याकडे तेच देयक मागता येते. अर्जदाराला घरचा पत्ता द्यायचा नसेल तर टपालपेटीचा क्रमांक पुरतो, हा कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्देशाचा आधारही त्यांनी वापरला. अशा रीतीने तेच कागद शिक्क्यासह, समोरच्या दाराने बाहेर आले. तक्रार दुसऱ्याच्या प्रतिज्ञापत्रावर दाखल झाली आहे. कारकून आपल्या खुर्चीवर आहे आणि तांदळाची पिशवी त्या रात्रीनंतर कोणी पाहिलेली नाही.

उणिवाही आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. जिना अरुंद आणि चढा आहे, आधाराला कठडा एकाच बाजूला. गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाने सोबत कोणी घेऊनच जावे. बाकावर सहा माणसे बसतात आणि पावसाळ्यात, जेव्हा चापगाव-नंदगडपासून माणसे एसटीची वेळ साधून एकदम येतात, तेव्हा पंधरा जण जिन्यावर उभे असतात. क्रमांकाची चिठ्ठी नाही. धारवाडच्या खंडपीठात शुक्रवारी सुनावणी लांबली की शनिवारची बैठक रद्द होते आणि ते आधी कळवण्याची कोणतीही सोय नाही. मी दोनदा ऐंशी रुपये भाडे खर्चून रिकाम्या खोलीपुढून परत आलो आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही की लेखी मसुदे इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये होतात आणि मराठीत केवळ तोंडी समजावले जाते. घरी गेल्यावर निम्मे विसरते. पुढची तारीख, पुढचे कलम आणि न विसरायची मुदत एवढे तरी अर्ध्या कागदावर मराठीत लिहून द्यावे, अशी विनंती मी दोनदा केली आहे. वकीलबाईंनी ती मान्य केली, पण गर्दीत ते होतेच असे नाही. आणि सगळे दोन माणसांच्या स्मरणावर चालते. उद्या त्यांतले एक आजारी पडले तर कोणाची मुदत कधी संपते हे सांगणारी वही तेथे नाही.

खर्चाचे म्हणाल तर सल्ला आणि मसुदा यांचे काही घेत नाहीत. टंकलेखन, टपाल, पोस्टल ऑर्डर आपली. उच्च न्यायालयात जावे लागले तर ऐपत पाहून शुल्क सांगतात, आणि ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून देतात. ज्याला तेही शक्य नाही त्याला ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो आणि १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी करता येते. माझ्या बहिणीच्या पेन्शनचे काम त्या मार्गाने झाले आणि तेथील वकिलांनीही ते मनापासून केले. पण माहिती अर्जाचे शब्द मोजून देणे किंवा तक्रार करण्याआधी तक्रारदाराला सुरक्षित करणे, या कामाला वेळ देणारे मला दुसरीकडे मिळाले नाही.

माझ्या अर्जातला एक भाग अजून बाकी आहे. शिक्षकाला तोंडी आदेशाने दुसरीकडे पाठवल्याची जी टिपणी मिळाली, तिच्या आधारे मागितलेली मूळ नस्ती, म्हणजे फाइल, 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८ (१) (ञ) बदलून त्यातली सार्वजनिक हिताची कसोटी काढून टाकली, त्याचा हा परिणाम आहे, असे वकील म्हणतात. मात्र कलम ८ चे दुसरे पोटकलम, ज्यात नुकसानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते असे म्हटले आहे, ते शिल्लक आहे आणि द्वितीय अपील नव्वद दिवसांच्या मुदतीत त्याच्याच आधारे केले आहे. ते माहिती आयोगाच्या बेळगाव पीठापुढे प्रलंबित आहे. दरम्यान जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दुसऱ्या गावी गेलेले ते शिक्षक परत आले; आता पाच वर्गांना तीन शिक्षक आहेत. अपिलाच्या सुनावणीला वकीलबाई सोबत येणार आहेत, आणि निळ्या शाईच्या टिपणीचे ते पान मी प्लास्टिकच्या वेष्टनात घालून वेगळे ठेवले आहे.